तिसरं पोतं

पोलादपूरच्या नाक्यावर, महामार्ग सोडून महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथून हाकेच्या अंतरावर, गोमाजी तांबे मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार वासे, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. शेजारी, एका कुडापलीकडे, माझी खोली. मी तिथल्या शाळेत मास्तर. शाळेनं मला नोकरी दिली, घरमालकानं खोली दिली आणि गोमाजीनं सकाळी सहापासून हातोडीचा आवाज दिला. त्या आवाजाविरुद्ध मी ग्रामपंचायतीकडे दोन अर्ज केले होते. दोन्हींवर विचार चालू असल्याचं मला कळवण्यात आलं. ही गोष्ट एक्याऐंशी सालची, त्यामुळे निकालाची वाट बघायला अजून भरपूर वेळ होता.

गोमाजीचा धंदा जुने गिअरबॉक्स उघडायचा. आंबेनळीचा घाट चढून-उतरून ट्रकांच्या पोटातली चाकं झिजत. नवीन गिअरबॉक्स कुणी घेत नसे. जुनाच उघडायचा, आतलं चांगलं तेवढं ठेवायचं, बाद झालेल्या जागी दुसऱ्या मोडक्या गाडीतलं बरं बघून घालायचं आणि पुन्हा बांधायचा, अशी रीत. तेव्हा सगळं कौशल्य बांधण्यात नसून बघण्यात होतं, आणि बघण्यात गोमाजीसारखा चिकट माणूस महाडपासून वाईपर्यंत नव्हता.

तो आधी तेल काढी, ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळी आणि फडक्यावर उरलेला लोखंडाचा किस उन्हात धरून बघत बसे. किस बघून तो ड्रायव्हरचा स्वभाव सांगायचा. हा रागीट आहे, हा क्लच न दाबता गिअर ओढतो, याला घरी जायची घाई असते. मग एकेक चाक रॉकेलात धुवायचं. पुसून त्यावर खडूची पूड चोळायची. कुठं केसाएवढी भेग असली तर तिच्यातलं रॉकेल पाझरून खडूवर रेघ उमटे. तो खडू माझ्या शाळेचा असायचा. हे मी आज लिहितो आहे, कारण आता माझं पेन्शन सुरू झालं आहे. बेअरिंग कानाशी धरून फिरवायचं, आणि शेवटी प्रत्येक गिअरच्या बारीक दातांच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख फिरवताना डोळे मिटायचे. गिऱ्हाईक समोर उकिडवं बसून आपल्या नशिबाची वाट बघत असे आणि हा डोळे मिटून बसे.

मग निकाल. जमिनीवर दोन पोती अंथरलेली. उजव्या पोत्यावर चालेल ते, डाव्या पोत्यावर चालणार नाही ते. बस. तालुक्यातल्या बाकीच्या सगळ्या मिस्त्रींकडे तिसरं पोतं असे. त्याचं नाव 'चालून जाईल'. खरं तर धंदा त्या तिसऱ्या पोत्यावरच चालतो. आमच्या शाळेचं छप्पर त्या पोत्यावरचं, रस्त्यावरच्या मोऱ्या त्याच पोत्यावरच्या, आणि खोटं कशाला बोला, गणिताचा मास्तर म्हणून मीसुद्धा त्यातलाच. अशा तालुक्यात हा एकटा गृहस्थ दोनच पोती घेऊन बसला होता. लोकांना त्याचा राग येई आणि घाटात जायचं असलं की लोक त्याच्याकडेच येत.

त्याच्या कामाच्या जागी, बरोबर डोळ्यांसमोर, वाशाला एक मोठा खिळा होता आणि त्या खिळ्याला एक गिअर टांगलेला. सकाळी आल्याबरोबर गोमाजी तो काढी, तेलाच्या फडक्यानं पुसे, डोळे मिटून त्याच्या कडेवरून नख फिरवी आणि परत टांगे. मग दिवस सुरू. गोमाजी बौद्ध. छप्पन साली आईबापांबरोबर त्यानं देव सोडले. गॅरेजात बाबासाहेबांचा एक फोटो, बाकी काही नाही. पण ड्रायव्हर लोकांनी हे रोजचं पुसणं बघितलं आणि आपला निर्णय केला की मिस्त्रीचा हा देव आहे, फक्त तो सांगत नाही. एकानं घाटात जाताना गुपचूप कुंकू लावलं. त्याची गाडी सुखरूप आली. झालं. मग झेंडू, मग उदबत्ती, दसऱ्याला तर नारळ. गोमाजी चिडून ते कुंकू डिझेलनं पुसे आणि ड्रायव्हर म्हणत, मिस्त्री रोज देवाला आंघोळ घालतो. पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेला देव लोकांनी त्याच्याच गॅरेजात आणून बसवला, आणि त्याला पुजारीही केलं.

मी त्याला एकदा विचारलं, "हा कुठल्या गाडीचा?"

"जुना हाय, गुरुजी," एवढंच म्हणाला. मी पुढं विचारलं नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसू नये असं माझं तत्त्व आहे. काही अडचणीचं कळण्याचा संभव असला की हे तत्त्व मला हमखास आठवतं.

त्या वर्षी वैशाखात महिपतीशेटचा ट्रक आला. महिपतीशेट म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. त्यांचा ट्रक पावसाळ्याआधी लाकूड वाही, निवडणुकीत माणसं वाही आणि लग्नसराईत वऱ्हाडं. या वेळी वऱ्हाड घरचंच होतं. मुलगा गणू याचं लग्न, मुलगी आवडी घाटावरच्या एका वाडीतली. वऱ्हाड मंगळवारी सकाळी ट्रकमधून वर जायचं आणि संध्याकाळी नव्या नवरीला घेऊन घाट उतरायचं. आणि ट्रकचा दुसरा गिअर आदल्या गुरुवारपासून कुरकुरत होता.

गोमाजीनं बॉक्स उघडला. धुतलं, खडू लावला, नख फिरवलं आणि दुसऱ्याचा गिअर डाव्या पोत्यावर टाकला.

"त्याला काय झालंय?" शेट म्हणाले. "दात तं सगळे हायत."

"मोठे दात हायत. ह्या बारीक दातांच्या कडा गोल झाल्यात. एकाच अंगानं." गोमाजीनं गिअर त्यांच्यापुढं धरला. "चढणीला इंजिन गाडीला वढतं, जोर ह्या अंगानं येतो, गिअर बसून राहतो. उतारावर गाडीच इंजिनाला ढकलते, जोर त्या अंगानं येतो. कडा गोल असल्या की गिअर आपोआप सुटतो. उडतो. मग गाडी मोकळी. नुसता ब्रेक तुमचा, आणि तो तापलेला."

"गिअर कसला उडतोय," शेट हसले. "ड्रायव्हर उडतात. त्या येसाजीसारखे, बाटली लावून."

येसाजी हा ड्रायव्हर त्र्याहत्तर साली कोळशाची गाडी घेऊन आंबेनळी उतरताना दरीत गेला होता. तो दारू पिऊन गेला हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्याला पिताना मात्र कुणी बघितलेलं नव्हतं. त्याची बायको ठकूबाई नंतर घाटावर माहेरी जाऊन राहिली, तिथं चार घरच्या भाकऱ्या थापून जगू लागली, आणि बेवड्याची बायको या नावानं ओळखली जाऊ लागली. या बोलण्यावर गोमाजी फडक्यानं हात पुसत राहिला.

"मी कुर्ल्याला जातो," शेवटी म्हणाला. "भंगार बाजारात गिअर हाताला बघून आणतो. मंगळवारी सकाळच्या गाडीनं येईन. दुपारपर्यंत बॉक्स चढवतो. लग्न एक दिवस पुढं घ्या."

लग्न पुढं घ्या. आमच्याकडे लोकांनी शिव्या सहन केल्या आहेत, पण हे वाक्य नाही. त्यात ते मिस्त्रीनं बोलावं, आणि तांबे आडनावाच्या मिस्त्रीनं. शेट मोठ्यानं काही बोलले नाहीत. गोमाजी सोमवारी सकाळी एसटीत बसेपर्यंत थांबले, आणि मग त्यांनी आपला ड्रायव्हर चांगू याला हाक मारली.

चांगू स्वतःला अर्धा मिस्त्री समजे. हा अर्धा भाग सगळा तोंडात होता. त्यानं खिळ्यावरच्या गिअरचे दात मोजले, बाद गिअरशी ताडून बघितले आणि आनंदानं सांगितलं, की देव आपल्याच जातीच्या गाडीचा आहे. शेटनी त्यावर आणखी विचार केला. सोनार आपल्या बायकोला खोटं घालत नाही, तसा मिस्त्रीनं सगळ्यात चांगला माल स्वतःसाठी टांगून ठेवला आहे. रोज पुसतो, तेल लावतो. शिवाय देवाचा आहे. लग्नाच्या गाडीला याहून काय पाहिजे? सोमवारी दुपारी महाडहून एक फिटर आणला आणि संध्याकाळपर्यंत बॉक्स बांधून झाला.

मी हे कुडाच्या फटीतून बघत होतो. मोकळा खिळा मला स्पष्ट दिसला. चांगू माझ्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "देव वऱ्हाडी निघालाय, मास्तर." मी हसलो. मला लग्नाचं आमंत्रण होतं, शेटच्या शब्दावर माझी बदली अडलेली होती, आणि विज्ञानाचं पुस्तक वाचलेला माणूस म्हणून मी मनात असाही विचार केला, की गिअर तो गिअर, त्याला देव म्हटलं म्हणून तो वाईट होत नाही. शहाणा माणूस चुकतो तेव्हा असा मुद्देसूद चुकतो.

मंगळवारी सकाळी साठ-सत्तर माणसं ट्रकमध्ये उभी राहिली. बायका पुढं, म्हातारे केबिनजवळ, वाजंत्री मागं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आंबेनळी अशी चढली की काय सांगावं. कुरकुर नाही, धक्का नाही. प्रत्येक वळणावर चांगू मागं वळून, 'बघा' अशा नजरेनं बघे. कुणीतरी देवाच्या नावानं चांगभलं म्हटलं. मीही म्हटलं. चढणीला गोल कडांचा गिअरही बसून राहतो, हे मी चार दिवसांपूर्वी स्वतःच्या कानानं ऐकलेलं होतं. पण वाजंत्री चालू असताना असल्या गोष्टी आठवत नाहीत.

अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली. बाराच्या सुमारास महाबळेश्वरला जाणारी एसटी वाडीच्या फाट्यावर थांबली आणि तिच्यातून गोमाजी उतरला. हातात कॅनव्हासची पिशवी, एक खांदा वजनानं खाली गेलेला. त्याला आमंत्रण नव्हतं. त्याच्या गिअरला होतं. तो मांडवाच्या कडेला थांबला आणि त्यानं चांगूला बोलावलं.

"खिळ्यावरला घातलास?"

"घातला. काय वढलाय, मिस्त्री. तुमच्या देवाला मानलं बुवा."

"गाडी खाली न्यायची नाय," गोमाजी म्हणाला.

शेट पंगतीत आग्रह करत फिरत होते. ते आले. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. गिअरची किंमत पाहिजे का, म्हणाले. देवाचा मान पाहिजे का, म्हणाले. लग्नाच्या मांडवात अपशकुन करायला कुणी बोलावलं, असंही म्हणाले. गोमाजीनं सगळं ऐकून घेतलं. पिशवी खाली ठेवली. त्याला अजून एक वाट होती, ती मला तेव्हाही दिसत होती. 'गिअर जुना आहे, बदलू द्या' म्हणून पाया पडला असता, तर शेटनी कदाचित ऐकलं असतं आणि बाकी कुणाला काही कळायची गरज नव्हती. मी तेच केलं असतं.

"तो देव नाय," गोमाजी म्हणाला. "येसाजीच्या गाडीतला गिअर हाय."

पंगतीत वाढणारे हात थांबले.

"त्याची गाडी मीच बांधलेली. ह्याच्या कडा माझ्या नखाला गोल लागल्या. तवा माझ्याकडंबी तिसरं पोतं होतं. त्याच्यावर टाकला. येसाजी म्हणाला, कोळसा भरून उभा हाय, मिस्त्री, भागवा. मी म्हणालो, चालून जाईल. घातला. घाटात गिअर उडाला. मोडक्या गाडीतनं मीच काढून आणला, बघितला, तसाच होता. येसाजी प्यायला नव्हता. चहाबिगर काय घ्यायचा नाय तो. त्या सकाळचा चहाबी माझ्याच गॅरेजात घेतला त्यानं. मला ठाऊक होतं. आठ वर्षं लोक बोलत होते आणि मी ऐकत होतो."

मांडवाच्या मागच्या बाजूला चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. तिथं ठकूबाई बसली होती, हे आम्हां वऱ्हाड्यांपैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं. ती उठून उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला, तेव्हा दुसऱ्या बाईनं पुढं होऊन ती उलथली.

त्यानंतर गाडी तशीच खाली न्यायची गोष्ट कुणी काढली नाही. नवरीचा बाप, जो सकाळपासून शेटसमोर हात जोडून उभा होता, तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, की माझी पोर त्या गाडीत चढणार नाही. शेट मांडवात जाऊन पान खात बसले. गोमाजी आणि चांगू ट्रकखाली शिरले. चांगूच्या तोंडातला अर्धा मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा हातात उतरला, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मांडवातल्या बत्त्यांसाठी आणलेलं रॉकेल गोमाजीनं मागितलं आणि तांदळाची रिकामी पोती मागितली. पोती ठकूबाईनं आणली. तीन होती. त्यानं दोन अंथरली आणि तिसरं घडी करून तिच्या हातात परत दिलं. ती ते घेऊन तिथंच सावलीत बसली.

घाईत बांधलेला बॉक्स त्यानं पुन्हा सगळा उघडला. नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून बसलेली, वाजंत्री झोपलेले, शेटच्या कपाळावर आठ्या, आणि हा माणूस एकेक चाक धुऊन डोळे मिटून नख फिरवतो आहे. एक बेअरिंग त्यानं तीनदा कानाशी धरलं. मला वाटलं, आता पुरे कर रे बाबा. पण त्यानं चौथ्यांदा धरलं. कुर्ल्याहून आणलेला गिअर पिशवीतून काढून त्यालाही खडू लावला, मगच उजव्या पोत्यावर ठेवला. आणि खिळ्यावरचा जुना डाव्या पोत्यावर.

"बघू," ठकूबाई म्हणाली.

त्यानं गिअर पुसून तिच्यापुढं केला. तिनं मांडीवर घेतला. नख कुठून कसं फिरवायचं, ते त्यानं दाखवलं. तिनं फिरवलं. चार-पाच वेळा फिरवलं.

"मला तं नीट लागतोय," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमालाबी तवा नीटच लागला असंल."

बाईनं त्याच्यासाठी दार उघडून दिलं होतं. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाय, ठकूबाय," गोमाजी म्हणाला. "मला लागला होता."

ती गिअर तिसऱ्या पोत्यात गुंडाळून उठली आणि म्हणाली, "ह्यो माझ्याकडं राहू दे." त्यानं मान हलवली. साडेपाचला गाडी तयार झाली आणि आम्ही उतरलो. गिअर पूर्ण घाटभर बसून राहिला. या वेळी कुणी चांगभलं म्हटलं नाही. गोमाजी केबिनमध्ये चांगूशेजारी, गिअरच्या दांड्यावर पंजा ठेवून बसला होता.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. सगळ्यांनी गोमाजीच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली आणि आपापल्या गाड्या महाडला नेल्या. ज्यानं एकदा माणूस मारला त्याच्याकडे गाडी कशी द्यायची, असा रास्त प्रश्न होता. ज्यांनी कबूल केलं नव्हतं, ते मिस्त्री साहजिकच निर्दोष होते. दोन पावसाळे तो बसून होता. मग घाटात जाणारे एकेक करून परत आले, कारण महाडला तीन पोती होती. येसाजीचं म्हणाल, तर तो पीत नव्हता हे आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, असं सांगणारे मला पोलादपुरात निदान तीस जण भेटले. ड्रायव्हरांनी मात्र श्रद्धा सोडली नाही. ते रिकाम्या खिळ्याला झेंडू लावत.

आवाजाविरुद्धचे माझे अर्ज मी मागे घेतले. त्यावरही विचार चालू आहे.

चौऱ्याऐंशी साली माझी बदली झाली, ती घाटावरच्या शाळेत. शेटच्या शब्दाचं वजन हे असं. रोज ठकूबाईच्या घरावरून जावं लागे. एकदा तिनं चहाला बोलावलं. उंबऱ्याजवळ तो गिअर होता, पुसलेला, तेल लावलेला. येणाऱ्या प्रत्येकाला ती त्यावरून नख फिरवायला लावते, असं मी ऐकून होतो. पाहुणा असो, तलाठी असो, सुटका नाही. मीही खाली बसलो आणि नख फिरवलं.

"कळतंय काय, गुरुजी?"

एकतीस वर्षं मी हाच प्रश्न मुलांना विचारला आणि खोटा होकार ऐकून पुढचा धडा घेतला. मी डोळे मिटून पुन्हा फिरवलं. कड मला सरळच लागत होती.

"नाही कळत," मी म्हणालो.

"मलाबी नाय. त्याला कळलं होतं, आणि आठ वर्षांनी का होईना, सांगितलंन." तिनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. "गिअरचं नाय कळत, ते ठीक. पन चांगू सांगत होता, खिळा मोकळा तुमी बघितला होता ना? तसेच गाडीत चढलात. सत्तर माणसं होती."

मी चहा घेतला. साखर बरोबर होती. शाळेची वेळ झाली होती म्हणून उठलो, आणि जाताना गिअर होता तसा उंबऱ्याशी नीट ठेवला.